दुर्बीण आणि प्राणवायू : एका अरुंद वाटेचा इतिहास

१९ एप्रिल २०२१ च्या रात्री आठ वाजून पाच मिनिटांनी पनवेलजवळच्या कळंबोलीहून एक मालगाडी निघाली. तिच्या सपाट वाघिणींवर सात रिकामे टँकर, त्यांच्या चाकांसकट, घट्ट बांधलेले होते. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यातून द्रवरूप ऑक्सिजन आणायला निघालेली ही देशातली पहिली 'ऑक्सिजन एक्स्प्रेस'. मुंबईकडून पूर्वेला जाणारी गाडी एरवी घाट चढून जाते. ही गाडी मात्र आधी वसईकडे आणि तिथून सुरतेला गेली. मग पूर्वेला वळून तापी खोऱ्याच्या लोहमार्गाने भुसावळ, नागपूर करत विशाखापट्टणमला पोहोचली. १८५० किलोमीटरच्या या प्रवासाला पन्नास तासांहून थोडा अधिक वेळ लागला. लांबच्या वाटेचे कारण उंचीचे होते. वाघिणीवर चढवलेला टँकर नेहमीच्या मापात बसत नव्हता आणि घाटातल्या बोगद्यांतून असा माल न्यायला परवानगी नव्हती. रेल्वेने पूल, बोगदे, वळणे, फलाटांची छपरे आणि विजेच्या तारा यांची मापे ताडून ३३२० मिलिमीटर उंचीच्या टँकरची निवड केली आणि वसईवरून जाणारा मार्ग आखला.

सुरत–भुसावळ मार्गावर नवापूर लागते. या स्थानकाची ख्याती अशी, की राज्याची हद्द त्याच्या मधून जाते. एकाच बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. तिकिटाची खिडकी इकडे, स्टेशनमास्तर तिकडे. म्हणजे त्या प्रवासात सात रिकामे टँकर नवापूरच्या फलाटासमोरून गेले. परत येताना त्यांत शंभर टनांहून अधिक ऑक्सिजन होता. तीन टँकर नागपूरला उतरले आणि उरलेले चार २४ एप्रिलच्या सकाळी नाशिकला पोहोचले. भुसावळहून ते मनमाडच्या दिशेने वळले. भरलेले टँकर नवापूरला आले नाहीत. जाणे आणि येणे यांच्या मधल्या दिवसांत, २१ एप्रिलला, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, नळांतला दाब घसरला आणि त्याच दिवशी २२ रुग्ण दगावल्याची बातमी आली. टाकी रुग्णालयाच्या आवारात होती आणि रुग्ण आत खाटांवर होते. अंतर काही मीटरांचे होते.

या वेळापत्रकाचा माग काढताना मला वैद्यकाच्या इतिहासातला एक जुना प्रश्न पुन्हा पुन्हा आठवत राहिला. वाट अरुंद, तिच्यावरून जायचे दोघांना, आणि दुसऱ्यासाठी पहिल्याला अडून राहता येत नाही. हा प्रश्न सगळ्यांत उघडपणे दिसतो तो ब्रॉन्कोस्कोपीत. आमच्या भागात तिला 'फुप्फुसाची दुर्बीण' म्हणतात. नवापूर तालुक्यातला माणूस त्या तपासणीसाठी सुरतेला किंवा धुळ्याला जातो. थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नाहीत पण फोटोत डाग दिसतो, गाठीचा संशय आहे, पोराने शेंगदाणा किंवा सीताफळाची बी श्वासात ओढली आहे, अशा वेळी डॉक्टर दुर्बीण घालायला सांगतात. ज्या नळीतून रुग्ण श्वास घेतो त्याच नळीत डॉक्टरला आपले हत्यार घालायचे असते. बघायचे तर वाट अडते. वाट मोकळी ठेवायची तर बघता येत नाही. मी डॉक्टर नाही. जुनी वैद्यकीय नियतकालिके, रेल्वेची पत्रके आणि सरकारी निवेदने वाचत हा इतिहास जुळवत गेलो. रुग्णाच्या नाकपुडीपासून फुप्फुसापर्यंतची वीतभर वाट आणि कारखान्यापासून खाटेपर्यंतची शेकडो मैलांची वाट, या दोन्हींचा इतिहास एकत्र वाचला पाहिजे, असे मला त्यातून वाटू लागले.

शेतकरी, हाड आणि पोकळ नळी

१८९७ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्ग येथे गुस्टाव्ह किलियान या घशाच्या डॉक्टरकडे ६३ वर्षांचा एक शेतकरी आला. जेवताना डुकराच्या मांसातले हाड त्याच्या श्वासनलिकेत उतरून उजव्या फांदीत अडकले होते. तेव्हा अशा रुग्णापुढे दोनच पर्याय असत : छाती किंवा गळा कापणे, नाही तर फुप्फुस सडण्याची वाट पाहणे. किलियानने कोकेनने घसा बधिर केला आणि अन्ननलिका पाहण्यासाठी वापरली जाणारी ताठ पोकळ नळी श्वासनलिकेत घालून चिमट्याने हाड बाहेर काढले. ब्रॉन्कोस्कोपीचा जन्म साधारणपणे इथून मोजतात.

त्या रुग्णाला वेगळा ऑक्सिजन देण्याचा प्रश्न कसा सुटला, याचे उत्तर त्या नळीच्या पोकळपणात आहे. रुग्ण जागा होता, स्वतः श्वास घेत होता, आणि श्वास त्या धातूच्या नळीतूनच आत-बाहेर करत होता. डॉक्टरची नजर आणि रुग्णाचा श्वास एकाच भोकातून जात होते. नळीचे तोंड उघडे असेपर्यंत दोघांचे भागत असे.

पुढे फिलाडेल्फियाच्या शेव्हॅलिए जॅक्सनने या नळीच्या टोकाला इवलासा दिवा बसवला आणि हे तंत्र इतके बारकाईने विकसित केले, की त्याने स्वतः आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या घशांतून, अन्ननलिकांतून आणि फुप्फुसांतून काढलेल्या २३७४ वस्तू आज फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात मांडलेल्या आहेत. टाचण्या, गुंड्या, नाणी, खेळणी, शेंगदाणे. त्याच्या नळीत एक साधी सोय होती : टोकाजवळ बाजूला पाडलेली भोके. नळी एका फुप्फुसाच्या फांदीत शिरली की दुसऱ्या फुप्फुसाकडची वाट बंद होण्याचा धोका असतो. या भोकांतून दुसऱ्या बाजूला हवा मिळत राही. अन्ननलिकेच्या दुर्बिणीला अशी भोके नसतात, कारण तिथे श्वास अडायचा नसतो. दोन हत्यारे शेजारी ठेवली तर या भोकांवरून श्वासनलिकेचे हत्यार ओळखता येते.

पूर्ण भूल देण्याची पद्धत रुळली तशी ही तडजोड अपुरी पडू लागली. भुलीत स्नायू सैल पडतात आणि रुग्ण स्वतः श्वास घेईनासा होतो. त्याला बाहेरून श्वास द्यायचा तर नळीचे तोंड बंद करून दाबाने हवा आत ढकलावी लागते, आणि तोंड बंद केले की डॉक्टरचे काम थांबते. काही काळ ही कसरत पाळीपाळीने चाले : थोडे बघायचे, मग झाकण लावून श्वास द्यायचा, पुन्हा झाकण काढायचे.

१९५९ मध्ये अमेरिकेत फ्रूमिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण गोष्ट माणसांत दाखवून दिली. भुलीतल्या रुग्णाचा श्वास पूर्ण थांबलेला असतानाही फुप्फुसे आधी शुद्ध ऑक्सिजनने भरून ठेवली आणि श्वासनलिकेत ऑक्सिजनचा पुरवठा चालू ठेवला, तर रक्तातला ऑक्सिजन बराच वेळ टिकून राहतो. छाती हलत नाही, तरी रक्त तो ओढून घेत राहते. पण त्याच वेळी रक्तातला कार्बन डायऑक्साइड साचत जातो, कारण तो बाहेर टाकायला श्वासच लागतो. ऑक्सिजन मिळणे आणि श्वास चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रयोगाने दाखवले. पुढे त्याचे महत्त्व आणखी वाढले, ते खाली येईलच.

झाकणाची कसरत १९६७ मध्ये सुटली. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातले भूलतज्ज्ञ डग्लस सँडर्स यांनी दुर्बिणीच्या डॉक्टरकडच्या टोकाला एक बारीक सुई बसवली आणि तिच्यातून मोठ्या दाबाचा ऑक्सिजन झटक्या-झटक्याने आत सोडला. जोरात निघालेली ही धार आजूबाजूची हवा आपल्याबरोबर ओढून नेते आणि छाती फुगते. धार थांबली की छाती आपोआप खाली बसते. नळीचे तोंड संपूर्ण वेळ उघडे राहते. किलियानच्या नळीत एकमेकांना सांभाळून चालणारी नजर आणि श्वास सत्तर वर्षांनी पुन्हा एकाच वेळी एकाच वाटेने जाऊ लागले. लहान मुलांच्या श्वासनलिकेत अडकलेली वस्तू काढताना आजही ताठ नळी लागते आणि श्वासासाठी तिला बाजूने जोड असतो.

आतून नव्हे, बाजूने

सँडर्सचा लेख छापून आला तोवर जपानमध्ये दुसरीच दिशा धरली गेली होती. टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातले शिगेतो इकेदा यांनी १९६६ मध्ये वाकणारी दुर्बीण जगापुढे ठेवली. काचेच्या केसाइतक्या बारीक हजारो तंतूंची जुडी प्रकाश आणि चित्र दोन्ही वाकवून नेते, या तत्त्वावर ती उभी होती. त्या तत्त्वाच्या पायाभरणीत पंजाबातल्या मोगा येथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांचा मोठा वाटा होता. लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबरचा त्यांचा लेख १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला होता.

वाकणाऱ्या दुर्बिणीने रुग्णाचे हाल कमी केले. ती नाकातून घालता येते, पूर्ण भूल लागत नाही, फांद्यांच्या उपफांद्यांपर्यंत पोहोचता येते. पण तिने श्वासाचे गणित उलटे केले. ताठ नळी पोकळ होती. रुग्ण तिच्या आतून श्वास घेई. ही नळी भरीव असते. तिच्या आत तंतू, तारा आणि ओढून घेण्याची एक बारीक वाट असते. रुग्णाला श्वास घ्यायचा तो नळीच्या बाजूने, उरलेल्या फटीतून.

ती फट किती असते, हे शाळेतल्या भूमितीने काढता येते. दुर्बिणीची जाडी ५.७ मिलिमीटर धरू आणि मोठ्या माणसाच्या श्वासनलिकेचा व्यास १८ मिलिमीटर. वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून दुर्बीण श्वासनलिकेची जेमतेम दहा टक्के जागा अडवते. हे चालण्यासारखे आहे. पण हाच रुग्ण अतिदक्षता विभागात असेल, त्याच्या घशात ८ मिलिमीटरची श्वासाची नळी असेल आणि तिच्यातून दुर्बीण घालायची असेल, तर निम्मी जागा जाते. ७ मिलिमीटरची नळी असेल तर दोन तृतीयांश. व्यासात एका मिलिमीटरचा फरक, आणि उरलेल्या वाटेत इतकी घट.

त्यात आणखी तीन गोष्टींची भर पडते. रुग्ण घाबरू नये, खोकू नये म्हणून गुंगीचे औषध देतात. त्याने श्वास मंदावतो. कफ किंवा रक्त ओढून घ्यायला दुर्बिणीतून खेच लावतात. ती कफाबरोबर फुप्फुसातली हवाही ओढते. तपासणीसाठी फुप्फुसाच्या एका भागात मिठाचे पाणी सोडून परत घेतात; त्यातले काही पाणी आत राहते आणि तेवढ्या वायुकोशांत हवा जात नाही. आणि ज्याला दुर्बीण लागते त्याचे फुप्फुस आधीच दुखणाईत असते. म्हणून दुर्बीण आत असताना, आणि ती काढल्यावरही काही वेळ, रक्तातला ऑक्सिजन खाली येतो.

याच्यावरचा उपाय अगदी साधा आहे : एका नाकपुडीतून दुर्बीण, दुसऱ्या नाकपुडीत किंवा तोंडात ऑक्सिजनची बारीक नळी. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. नाकाच्या नळीतून मिनिटाला एक लिटर सोडला की श्वासातले प्रमाण ढोबळमानाने चार टक्क्यांनी वाढते. दोन लिटरला अठ्ठावीस-एकोणतीस टक्के. बहुतेकांचे यात भागते. ब्रिटनच्या छातीरोग संघटनेने २०१३ मध्ये ठरवून दिले, की रक्तातली मात्रा चार टक्क्यांहून अधिक घसरली किंवा नव्वदच्या खाली गेली आणि ती मिनिटभराहून जास्त तशीच राहिली, तर ऑक्सिजन द्यावा. भारतीय तज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्र येऊन आपल्याकडच्या परिस्थितीला धरून २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. गंभीर रुग्णांसाठी आता मिनिटाला साठ लिटरपर्यंत गरम, दमट ऑक्सिजन नाकातून देणारी यंत्रे आहेत.

बोटावरचा चिमटा

वरच्या परिच्छेदात 'चार टक्के', 'नव्वदच्या खाली' असे आकडे सहज आले. किलियानला ते माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच्या काळी डॉक्टर ओठांचा आणि नखांचा रंग पाहत. ते निळे पडेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

जपानच्या निहोन कोहदेन कंपनीतले अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये नाडीच्या ठोक्याबरोबर बदलणाऱ्या प्रकाशावरून रक्तातला ऑक्सिजन मोजण्याची कल्पना मांडली. तिच्यातूनच बोटाला लावायचा चिमटा, म्हणजे पल्स ऑक्सिमीटर, तयार झाला. त्याआधी धमनीत सुई टोचून रक्त काढावे लागे आणि उत्तर येईपर्यंत तपासणी संपलेली असे. दुर्बिणीच्या खोलीत त्या चिमट्याने जे बदलले ते शब्दांत सांगणे कठीण आहे. वाट किती अडली आहे, हे डॉक्टरला आता प्रत्येक क्षणी कळते.

सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली तेव्हा हा चिमटा महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. आओयागी त्याच वर्षी १८ एप्रिलला वारले होते. त्यांचे नाव आमच्या पाड्यांवर कुणाला ठाऊक नसेल, पण त्यांच्या यंत्रात बोट घातलेली माणसे प्रत्येक पाड्यावर आहेत.

या चिमट्याच्या दोन मर्यादा मात्र आमच्या जिल्ह्याने लक्षात ठेवायला हव्यात. पहिली, फ्रूमिन यांच्या प्रयोगातून आलेली. चिमटा ऑक्सिजन मोजतो; श्वास मोजत नाही. नाकात ऑक्सिजनची नळी लावलेली असली की गुंगीत श्वास मंदावला तरी आकडा बराच वेळ चांगला राहतो, आणि तोवर कार्बन डायऑक्साइड साचत असतो. म्हणून दुर्बिणीच्या खोलीत आकड्याबरोबर छातीची हालचाल पाहणारा माणूस लागतोच. दुसरी मर्यादा डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी उघड केली. चिमट्यावर ९२ ते ९६ आकडा दिसत असताना धमनीच्या रक्तात तो प्रत्यक्षात ८८ च्या खाली असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के निघाले. प्रकाश त्वचेतून जातो आणि त्वचेचा रंग त्याच्या आड येतो.

नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेलचे रुग्ण बऱ्याच संख्येने आहेत. या रोगात ऑक्सिजन कमी झाला की रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामागे हिमोग्लोबिनच्या रेणूतला बदल आहे, हे लिनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये दाखवले. इतर रुग्णाला मिनिटभराची घसरण कदाचित सोसते. सिकलसेलच्या रुग्णाला तेवढी घसरणही महाग पडू शकते. दुर्बिणीआधी 'सिकलची तपासणी झाली आहे का?' हा प्रश्न विचारला जाणे नवापूरच्या रुग्णासाठी पुस्तकातल्या कुठल्याही सूचनेइतके महत्त्वाचे आहे.

कारखान्यापासून खाटेपर्यंत

आतापर्यंत ज्या वाटेविषयी लिहिले ती नाकपुडीपासून सुरू होते. तिथपर्यंत ऑक्सिजन आला कसा, हे वैद्यकाच्या पुस्तकांत फारसे नसते. भिंतीतून तो येतोच, असे त्यांत गृहीत असते.

मराठीत आपण त्याला प्राणवायू म्हणतो. हा शब्द रसायनशास्त्राहून फार जुना आहे. प्राण, अपान, व्यान, उदान आणि समान या पाच वायूंतला तो पहिला. युरोपात लाव्हॉझिएने दिलेल्या 'ऑक्सिजन' या नावाचा अर्थ आम्ल करणारा असा आहे, आणि तो चुकीच्या समजुतीवर आधारलेला होता. आपल्या शब्दात चूक नाही, पण एक भुरळ आहे. वायू म्हटले की तो सगळीकडे आहे, फुकट आहे, असे वाटते. औषध म्हणून द्यायचा ऑक्सिजन मात्र मोजून, भरून, वाहून आणावा लागतो. हे पहिल्यांदा नीट मांडले ते १९१७ मध्ये इंग्लंडच्या जे. एस. हाल्डेन यांनी. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने होरपळलेल्या सैनिकांसाठी त्यांनी मुखवट्यातून, लिटरमध्ये मोजून ऑक्सिजन देण्याचा आग्रह धरला. तोवर रुग्णाच्या तोंडापुढे नरसाळे धरून तो सोडून देण्याची रीत होती, आणि त्यातला बहुतेक वाया जाई.

तो बनवण्याच्या वाटा दोन. जर्मनीतल्या कार्ल फोन लिंडे यांनी हवा थंड करून द्रवरूप केली आणि १९०२ पासून तिच्यातून ऑक्सिजन वेगळा काढला. या रीतीने उणे १८३ अंशांवरचा द्रव मिळतो आणि एका लिटर द्रवापासून सुमारे ८६० लिटर वायू होतो. असे कारखाने बहुधा पोलादाच्या भट्ट्यांजवळ असतात. विशाखापट्टणमला गाडी धाडावी लागली ती म्हणूनच. दुसरी वाट लहान आहे. झिओलाइट नावाच्या खनिजाच्या दाण्यांतून दाबाने हवा सोडली की नायट्रोजन दाण्यांना चिकटून राहतो आणि सुमारे ९३ टक्के शुद्ध ऑक्सिजन पुढे जातो. दाब काढला की दाणे नायट्रोजन सोडून देतात. दोन पिंपे आलटून पालटून हे करत राहतात. सुपात धान्य पाखडावे तशी ही हवा पाखडण्याची रीत आहे, आणि ती रुग्णालयाच्या अंगणातच चालते.

आता आकडे मांडून पाहू. काळ्या अंगाचा, पांढऱ्या खांद्याचा मोठा सिलिंडर सात घनमीटरचा, म्हणजे सात हजार लिटरचा असतो. दुर्बिणीच्या रुग्णाला मिनिटाला दोन लिटर दिले तर तो अडीच दिवसांच्या जवळपास पुरेल. साठ लिटरच्या यंत्राला तोच सिलिंडर दोन तासही पुरत नाही. साठ लिटरच्या एका रुग्णाला दिवसाला बारा सिलिंडर लागतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये देशभर जे घडले त्याचे मूळ या भागाकारात आहे.

नवापूर आणि आसपास

फुप्फुसाच्या रोगाची पूर्वसूचना नवापूरला आधी मिळाली होती. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भारतातला पहिला बर्ड फ्लू इथल्या कोंबड्यांत असल्याचे सरकारने जाहीर केले. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, तापाच्या रुग्णांना वेगळे ठेवून त्यांचे नमुने पुण्याला पाठवले गेले. माणसांत तो उतरला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोंबड्यांची साथ नवापूरला पुन्हा आली, आणि तिच्या पाठोपाठ माणसांची दुसरी लाट.

त्या वेळी जिल्हाधिकारी होते डॉ. राजेंद्र भारूड. नवापूरला लागून असलेल्या साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, भिल्ल समाजातले, आणि प्रशासनात येण्याआधी मुंबईत वैद्यकशास्त्र शिकलेले. पहिल्या लाटेत जिल्ह्यात दिवसाला सर्वाधिक १९० च्या आसपास रुग्ण सापडत होते, तेव्हाच म्हणजे सप्टेंबर २०२० मध्ये मिनिटाला ६०० लिटर ऑक्सिजन तयार करणारा पहिला प्रकल्प जिल्हा रुग्णालयात उभा राहिला. त्याचा खर्च सुमारे ८५ लाख रुपये असल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. लाट ओसरल्यावरही काम थांबले नाही. शहाद्यासह आणखी प्रकल्प आले आणि एप्रिल २०२१ पर्यंत जिल्ह्याची क्षमता मिनिटाला २४०० लिटरच्या घरात गेली. तोवर रुग्णांचा दैनंदिन आकडा १२०० पर्यंत चढला होता.

सहाशे लिटरचा प्रकल्प चोवीस तास चालला तर सव्वाशेच्या जवळपास मोठे सिलिंडर भरतील एवढा वायू देतो. मिनिटाला पाच लिटर लागणाऱ्या १२० रुग्णांची त्यात सोय होते. साठ लिटरवाल्या दहाच रुग्णांची. म्हणून नंदुरबारने दुसरीही एक गोष्ट केली, जी मला प्रकल्पाइतकीच मोलाची वाटते. 'ऑक्सिजन नर्स' नावाने परिचारिका नेमल्या. खाटेखाटेवर फिरून रुग्णाचा आकडा पाहायचा, लागत असेल तेवढाच प्रवाह ठेवायचा, रुग्ण जेवायला किंवा शौचाला उठला तर किल्ली बंद करायची. पुढे राज्य सरकारने इतर जिल्ह्यांनाही हा 'नंदुरबार पॅटर्न' सांगितला. हाल्डेनने १९१७ मध्ये जे मागितले होते, मोजून द्या आणि वाया घालवू नका, ते इथे एका परिचारिकेच्या फेरीत उतरले.

याच दिवसांत रेल्वेने नंदुरबार स्थानकावर विलगीकरणाचे डबे उभे केले होते. त्याच लोहमार्गावरून कळंबोलीचे रिकामे टँकर गेले. जिल्ह्यातून जाणाऱ्या त्या गाडीवर जिल्ह्याचा श्वास अवलंबून नव्हता, हे त्या महिन्यात महाराष्ट्रातल्या फार थोड्या जिल्ह्यांना म्हणता आले असते.

पण प्रकल्प उभारला की वाट कायमची मोकळी झाली, असे होत नाही. महासाथीच्या काळात देशभर असे बाराशेहून अधिक प्रकल्प बसवले गेले. झिओलाइटचे दाणे ओलाव्याने आणि तेलाच्या वाफेने निकामी होतात, गाळण्या बदलाव्या लागतात, वीज गेली की जनित्र लागते आणि शुद्धता रोज तपासणारा माणूस लागतो. हे सगळे लाट नसताना करायचे असते, जेव्हा बातमी नसते आणि अंदाजपत्रकात त्यासाठी रकाना सापडत नाही. दुर्बिणीच्या शंभर वर्षांच्या इतिहासात वाट मोकळी ठेवणाऱ्या सोयी एकेक करून आल्या : बाजूची भोके, सुईची धार, दुसऱ्या नाकपुडीतली नळी, बोटावरचा चिमटा. त्यांतली एकही सोय पाहणाऱ्या माणसाशिवाय चालत नाही. अंगणातल्या प्रकल्पाचेही तसेच आहे.

नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि आज नवापूरहून दुर्बिणीसाठी बाहेर जाणाऱ्यांची संख्या उद्या कमी व्हावी, ही अपेक्षा रास्त आहे. तोवर एक तिसरी वाट उरते, तिच्याविषयी कुठल्याच पुस्तकात प्रकरण नाही. धाप लागलेला रुग्ण नवापूरहून धुळ्याला न्यायचा तर महामार्गावर कोंडाईबारीचा घाट लागतो. रुग्णवाहिकेतला मधल्या मापाचा सिलिंडर दीड घनमीटरचा असतो. मिनिटाला दहा लिटर लागत असतील तर तो अडीच तास चालतो, आणि तोही निघताना पूर्ण भरलेला असेल तर. घाटात ट्रक आडवा झाला, की हे अडीच तास तिथेच संपू लागतात. कळंबोलीच्या गाडीला घाट टाळून लांबच्या वाटेने जाता आले. रुग्णवाहिकेला तसे जाता येत नाही. ती आवारातून निघण्याआधी सिलिंडरच्या दाबमापकावरचा काटा कुणी वाचला आणि वहीत लिहिला का, हा प्रश्न मी तालुक्यातल्या प्रत्येक नातेवाइकाला विचारायला सांगतो. विचारायला वेळ लागत नाही, आणि उत्तर काट्यावर दिसते.